अल्ट्रासाऊंड थेरपी मशीनच्या हेडबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३ मेगाहर्ट्झवर हेडमधून लहरी न निघणे, तरीही पडद्यावर पूर्ण आकडा दिसणे

महोदय,

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचं मशीन आठ महिने माझ्या दवाखान्यात वापरात आहे. टेनिस एल्बोच्या एका रुग्णाला सहा सिटिंगनंतरही काडीचा फरक पडेना, तेव्हा मला शंका आली. हेड, म्हणजे त्वचेवर फिरवायचा भाग, उलटं धरून त्यावर थोडं पाणी टाकलं. १ मेगाहर्ट्झवर पाणी थरथरलं, बुडबुडे आले. ३ वर मात्र पाणी जसंच्या तसं. पडद्यावर चौरस सेंटिमीटरला १.५ वॅट दिसत होते आणि टायमर चालू होता.

खोलवरच्या स्नायूला १, त्वचेलगतच्या कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) ३, हे तुम्हाला सांगायला नको. कोपर, मनगट, घोटा, सगळीकडे मी ३ वरच भरवसा ठेवला होता. किती जणांना नुसतं जेल चोळून घरी पाठवलं, या विचाराने झोप लागत नाही.

तुमच्या सर्व्हिस इंजिनिअरने फोनवर सांगितलं, "ऊब लागत नसेल तर इंटेन्सिटी वाढवा." हा सल्ला धोकादायक आहे. पल्स्ड मोडमध्ये, म्हणजे लहरी थांबून थांबून सोडताना, ऊब जाणवायला नकोच असते. हाड या लहरी फार शोषून घेतं. चालू हेडवर असा आकडा वाढवला तर हाडाच्या आवरणात कळ उठते, आतून भाजूही शकतं.

संशोधनात खोटा उपचार द्यायचा असेल तर हेड बंद ठेवून फिरवतात आणि बहुतेकदा रुग्णाला ते ओळखू येत नाही. लहरी दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. आमच्या हातात असतो तो फक्त पडद्यावरचा आकडा. तो आणि प्रत्यक्ष शक्ती यांत २० टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे. इथे तर काहीच निघत नाही. पाण्याची चाचणीही लहरी निघतात की नाही एवढंच सांगते, किती निघतात ते नाही. त्यासाठी पॉवर मीटरच लागतो.

मला हेड बदलून हवं, दोन्ही फ्रिक्वेन्सींवर मोजलेल्या शक्तीच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रासह. याच बॅचची मशीन घेतलेल्या सगळ्यांना लेखी कळवा. त्यांचेही रुग्ण असेच वाट पाहत असतील. इंजिनिअरचा तो सल्ला मागे घेतल्याचंही लेखी द्या.

मशीन मी बंद करून ठेवलं आहे. ३ वर उपचार घेतलेल्या रुग्णांना फोन करून खरं काय ते सांगते आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक व फिजिओथेरपिस्ट