बाबा, चढ नसलेली गावंही आहेत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बोलणं नेहमी अर्धवट राहतं, आई विचारत असते रात्री झोपता कुठे, बाबा मागून विचारतात गाडीला डिझेल किती लागतं, आणि तेवढ्यात रेंज जाते, म्हणून आज निवांत बसून सगळं लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढच्या वेळी तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या आमच्या गाडीने, फ्रान्सची जुनी गावं बघायला यायचंय. बाबा, तुम्ही फोटो बघून म्हणालात ना की "माझ्या गुडघ्यांना ही गावं झेपायची नाहीत", ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि त्यावर मी बराच विचार केलाय.

तुम्हाला पाठवलेले फोटो रोकामादूर आणि दोमचे होते. दोन्ही गावं उंच कड्यावर आहेत, दिसायला सुंदर, पण चालायला अवघड. रोकामादूरला देवळांपर्यंत २१६ पायऱ्या आहेत, पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. आता तिथे लिफ्ट आहे, पण लिफ्टमधून उतरल्यावरही दगडी उतार आणि गर्दी असतेच. ती गावं आपण खालून, दरीच्या पलीकडून बघू, खरं तर तिथूनच ती जास्त छान दिसतात.

तुमच्यासाठी मी बास्तीद, म्हणजे मुद्दाम आखून वसवलेली, गावं ठरवलीत. तेराव्या-चौदाव्या शतकात फ्रान्सच्या नैऋत्येला अशी ३०० हून जास्त नवी गावं वसवली गेली, काही फ्रान्सच्या राजाने, काही तिथल्या सरदारांनी आणि काही चक्क इंग्लंडच्या राजाने, कारण तेव्हा तो भाग त्याच्या ताब्यात होता. लोकांनी येऊन राहावं म्हणून त्यांना जमिनीचा तुकडा द्यायचे, करात सूट द्यायचे, हक्क लेखी लिहून द्यायचे. बाबा, तुम्ही आयुष्यभर टाउन प्लॅनिंगच्या नकाशांवर काम केलंत, तुम्ही हे बघायलाच हवं. मोंपाझिये नावाचं गाव आहे, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८४ च्या सुमारास वसवलेलं, साधारण ४०० मीटर बाय २२० मीटरचा आयत, सगळे रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात, चौकटीच्या वहीवर आखल्यासारखे. आणि सपाट! भर गावात चढ जवळजवळ नाहीच.

मधोमध मोठा चौक, त्याच्या चारी बाजूंना घरांच्या खालून कमानींचा ओटा जातो, त्यामुळे ऊन-पाऊस काही असलं तरी सावलीतून चालता येतं आणि दमलात तर बसायला जागा मिळते. चौकाच्या एका कडेला लाकडी खांबांचा जुना मंडईचा मांडव आहे आणि त्यात धान्य मोजायची जुनी मापं अजून आहेत. मला सगळ्यात आवडली ती दोन घरांमधली फट. शेजारशेजारच्या घरांच्या भिंती एकमेकींना चिकटवलेल्या नाहीत, मधे अगदी अरुंद बोळ सोडलाय, एका घराला आग लागली तर दुसऱ्याला लागू नये आणि सांडपाणी वाहून जावं म्हणून. सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला होता हे बघून मी तिथे वाकून वाकून बघत उभी राहिले होते, आणि तेव्हा मला बाबा तुमचीच आठवण आली.

आता कॅम्परव्हॅनचा फायदा काय ते सांगते. या गावांमध्ये दिवसा टुरिस्ट बस येतात, संध्याकाळी निघून जातात, आणि मग गाव गावकऱ्यांचं होतं. खिडक्या उघडतात, कुणीतरी झाडांना पाणी घालतं, मुलं चौकात सायकल फिरवतात. आपण गावाच्या कडेलाच राहत असल्यामुळे हे सगळं बघायला मिळतं. मोंपाझियेचा आठवडी बाजार गुरुवारी असतो, आम्ही बुधवारी संध्याकाळीच पोचलो आणि सकाळी लवकर चौकात गेलो तर भाजीवाले अजून टेबलं मांडत होते, एक आजोबा फक्त लसूण आणि कांद्याच्या वेण्या घेऊन बसले होते, प्रत्येक वेणी हाताने सारखी करून ठेवत होते. दिवसाची ट्रिप करून येणाऱ्याला ही वेळ कधीच मिळत नाही.

आई, झोपण्याचं विचारत होतीस. फ्रान्समध्ये बऱ्याच छोट्या गावांत ग्रामपंचायतीनेच कॅम्परव्हॅनसाठी जागा करून ठेवलेली असते, त्याला तिथे एर म्हणतात, काही फुकट असतात, काहींना थोडे पैसे पडतात. पिण्याचं पाणी भरायचा नळ, सांडपाणी सोडायची जाळी आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा, एवढं बहुतेक ठिकाणी मिळतं. एरवी जिथे कार लावता येते तिथे व्हॅनही लावता येते, पण बाहेर टेबल-खुर्च्या मांडल्या की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं, आणि ते पार्किंगच्या जागी चालत नाही. हायवेच्या विश्रांतीच्या जागी आम्ही रात्री कधीच थांबत नाही, तिथे चोऱ्या होतात, त्यामुळे ती काळजी तू करू नकोस.

खेड्यांसाठी अजून एक छान सोय आहे, फ्रान्स पासियों नावाची. वर्षाची मेंबरशिप घेतली की शेतकरी आणि द्राक्षबागायतदार आपल्या शेतावर २४ तास गाडी लावू देतात, काही विकत घ्यायची सक्ती नाही, फक्त गाडीत स्वतःचं टॉयलेट आणि पाणी हवं. आम्ही एका अक्रोडाच्या बागेत थांबलो होतो. तिथल्या आजींनी छोट्या लाकडी हातोडीने अक्रोड फोडून दाखवले, अगदी हलका ठोका मारायचा, म्हणजे आतला गर अख्खा निघतो. पूर्वी हिवाळ्याच्या रात्री सगळं घर हेच काम करत बसायचं म्हणे. आई, तुझं आणि त्यांचं भाषेवाचून जमलं असतं, मला खात्री आहे.

गाडीबद्दल, बाबा. सहा मीटर लांब आहे, उंची अडीच मीटरच्या वर, त्यामुळे दोन मीटरचा बार असलेल्या पार्किंगमध्ये ती जात नाही आणि जुन्या गल्लीबोळांत आम्ही घालतच नाही, गावाबाहेर लावायची आणि चालत जायचं. वजन साडेतीन टनांच्या आत असल्यामुळे साध्या कारच्या लायसन्सवर चालते. गावाबाहेरच्या दोन पदरी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी स्पीड लिमिट ८० आहे, म्हणजे तुमच्या पाठीला दणके बसायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, मागचा बेड उंच आहे, रात्री दोनदा उतरा-चढायचं तुम्हाला जमणार नाही आणि मला तो धोका घ्यायचाच नाहीये. म्हणून तुमच्यासाठी गावातच एखाद्या घरातली तळमजल्याची खोली घेऊ, आम्ही दोघं व्हॅनमध्ये झोपू, सकाळी चहाला तुम्ही गाडीत यायचं, पुढच्या दोन्ही सीट मागे वळतात आणि टेबलाभोवती चौघं आरामात बसतो. व्हिसासाठी राहण्याचा पत्ता दाखवावा लागतो, तोही प्रश्न यात सुटतो.

जुलै-ऑगस्ट नको, ऊन आणि गर्दी दोन्ही जास्त असतात, सप्टेंबर बरा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाला, कमीत कमी ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, तो मी काढते, पण बाबांच्या गोळ्यांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी, औषधांच्या मूळ (जेनेरिक) नावांसकट, तिथूनच घ्या. आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू असायला हवा, तर आई, कपाटातून दोन्ही पासपोर्ट काढ आणि शेवटच्या तारखांचा फोटो मला याच आठवड्यात पाठव.

तुमची,
लेक