बाबा, मी काकांना फोन केलाय

पुणे
१० जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर जमलं नसतं. बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितेय. आधी सांगून टाकते, मग काय रागवायचं ते रागवा.

परवा मी मंडळाच्या काकांना फोन केला. २६ जानेवारीच्या शिबिरात बाबांना रक्त देऊ देऊ नका, ६५ पूर्ण झालीत, असं सांगितलं. तुम्हाला न विचारता.

आता तुम्ही गुरुजींची गोष्ट काढणार. शाळेत नाव घालताना सगळ्या वर्गाला १ जून लावली, खरा जन्म दिवाळीतला, म्हणून कागदावर ६५ असले तरी आपण ६४चेच. गणपतीतल्या शिबिरात हाच हिशेब सांगून तुम्ही रक्त द्यायला आडवे झालात ना? पण बाबा, आता दिवाळीही होऊन गेली. कुठलीही तारीख धरा, नियम १८ ते ६५चाच आहे.

आणि त्या दिवशी तिथून उठून तुम्ही थेट स्कूटरवरून दूध आणायला गेलात, डेअरीच्या पायरीवर बसावं लागलं, हे मला कळलंय. आईवर चिडू नका, मीच खोदून खोदून विचारलं. ती बिचारी आधी "उन्हामुळे झालं" एवढंच म्हणत होती. भाद्रपदात कराडला कसलं ऊन हो?

मला माहितेय, प्रश्न वयाचा नाहीच. आकड्याचा आहे. ७३ वेळा रक्त देऊन झालंय. दोन झाले की ७५, अमृतमहोत्सव. कपाटातल्या त्या बिस्किटांच्या डब्यात सगळी कार्डं रबर लावून ठेवलीत, आणि पहिलं कार्ड, दादाच्या वेळचं, अजून वेगळ्या पाकिटात आहे. तेव्हा दादाला रक्त देणाऱ्या त्या एसटी ड्रायव्हरचं नाव तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. लहानपणी दर २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांतच मी तुमच्याबरोबर यायचे. तुम्ही मूठ उघड-मीट करायचात, मीही शेजारच्या स्टुलावर बसून करायचे. ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा माझा. घरी जाताना तुमचा दुमडलेला हात मी दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, कापूस पडेल म्हणून. तुम्ही काही बोलायचा नाहीत, हात तसाच ठेवायचात.

म्हणूनच दिवाळीत तुम्ही म्हणालात ना, "चारदा गेलीस म्हणतेस, पण दिलंस कुठे? तुम्हा लोकांना वेळच नसतो," ते लागलं. तेव्हा चकल्या तळत होते म्हणून गप्प बसले. आता ऐका.

पहिल्यांदा जूनमध्ये, ऑफिसातल्याच शिबिरात. सिस्टरनी बोटाला टोचलं आणि थेंब त्या निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडला. तो खाली जायला हवा होता. अर्ध्यापर्यंत गेला, तिथे जरा थांबला आणि चक्क वर आला. मशीनवर परत पाहिलं, हिमोग्लोबिन ११.६. लागतं १२.५. माझ्या मागे उभा असलेला पोरगेला इंटर्न म्हणाला, "मॅडम, पालक खा." पालक! दोन बाळंतपणं झालेल्या बाईला!

दुसऱ्यांदा ऑगस्टमधल्या रविवारी, दोन्ही पोरांना घेऊन रक्तपेढीत. आदल्या रात्री धाकट्याला उलट्या होत होत्या. फॉर्ममध्ये विचारलं होतं, झोप किती झाली? मी खरं लिहिलं, दोन तास. डॉक्टरांनी हात जोडले. तिसऱ्यांदा दाताच्या दुखण्याची अँटिबायोटिक चालू होती, हे मला खुर्चीत बसल्यावर आठवलं. चौथ्यांदा ऑफिसातून धावतपळत सात वाजता पोचले, तर वॉचमन म्हणाला, "रक्त पाहिजे असेल तर चोवीस तास उघडं आहे ताई, द्यायचं असेल तर पाचच्या आत या." पाचच्या आत! त्या वेळी मी घरून ऑफिसचा कॉल करत असते, मांडीवर एक आणि पाठीवर दुसरं. रिक्षात बसून रडले. तुमच्या जावयांनी विचारलं, काय झालं, तर सांगता येईना. रक्त घेत नाहीत म्हणून रडणारी बाई कोणी पाहिलीय?

असो. तेव्हापासून तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर लांबवला (हे सगळ्यात अवघड होतं), वरणावर लिंबू आणि आईचे हळिवाचे लाडू. सोमवारी तपासलं, १२.८!

तर मी ठरवलंय. २५ला रविवारी दुपारी आम्ही चौघंही येतोय. २६ला तुमच्या जागेवर मी. बायकांना दोनदा देण्यात १२० दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे दुसरं २६ मेनंतर. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, पेढ्यांमध्ये तेव्हाच ठणठणाट असतो, आणि तांबड्या पेशी काही वर्षभर साठवून ठेवता येत नाहीत. पोरं तेव्हा तुमच्याकडेच असतील, त्यामुळे वेळ नाही असं तुम्हाला म्हणता यायचं नाही. ही दोन तुमच्या डब्यात घाला. ७३ आणि २. नियमात बसत नसेल तर नसो, डबा आपला आहे.

तुम्ही घरी बसायचं नाहीये. काकांना सांगितलंय, फॉर्म भरायच्या टेबलावर बाबा बसतील. आजकालची पोरं जे लिहितात ते डॉक्टरांनाही लागत नाही, तुमचं अक्षर लागतं. हात असलेली, पाठीला टेका असलेली खुर्ची ठेवायलाही सांगितलंय. कॉफी दोनदा मिळेल, एक बिनसाखरेची घ्या.

आता मुकाट्याने ऐकायचं. बीपीची गोळी नाश्त्यानंतर रोज, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. रात्री बाथरूमला उठलात तर आधी दोन मिनिटं पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं. दिवा लावायचा, आईची झोपमोड झाली तरी चालेल. दूध पोचवायला डेअरीतल्या मुलाला सांगितलंय, स्कूटरची किल्ली आईकडे. आई, तू ती डाळीच्या डब्यात लपवू नकोस, त्यांना ती जागा माहितेय. आणि तूही रक्त तपासून घे. माझं ११.६ कुठून आलं असेल? सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते खायची सवय मी तुझ्याकडूनच उचललीय.

बाबा, चिडला असाल तर चिडा, पण २५ला स्टँडवर या. पायी या. पोरं आत्तापासून विचारतायत आबा दिसतील ना म्हणून. आणि परत थेंब वर आलाच, तर मी तुमच्या शेजारी बसून बिस्किटं वाटेन, पण आडवं व्हायचं नाही. कबूल?

आई, लाडू संपलेत. डबा रिकामाच आणतेय.

तुमची,
चिमी