तासगाव रोडच्या ब्लोअरवाल्या अण्णांचे जाहीर आभार

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर यूट्यूब सोडून काही बघत नाही हे माहितेय, म्हणून सूनबाईंना वाचून दाखवायला सांगितलंय. आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आपल्या तासगाव-सांगली पट्ट्यात आता जिकडं बघावं तिकडं लग्नाची लॉन्स झालीत, आणि बऱ्याच लॉन्सच्या कंपाउंडला लागून कुणाची ना कुणाची द्राक्षबाग आहेच.

आमच्या लॉनसाठी ट्रॅक्टरमागं ओढायचा स्प्रेअर आला, 100 लिटरची टाकी, मागं चार नोझलचा दोन मीटरचा बूम, म्हणजे आडवी दांडी, बॅटरीवरचा पंप. माहितीपुस्तक सगळं इंग्रजीत आणि मापं गॅलनमधली, आमच्या गुंठ्याला त्याचा काय उपयोग. दिरांचं म्हणणं टाकी भरायची, औषध ओतायचं आणि सुटायचं. तुम्ही कंपाउंडपलीकडच्या तुमच्या द्राक्षबागेतून बघत होता, चप्पल झटकून आत आला आणि म्हणालात, "पोरांनो, आधी साधं पाणी भरा, औषधाचं मागनं बघू."

ते साधं पाणी भरून जे शिकवलंत ना, ते इथं लिहूनच ठेवते, बाकीच्यांच्या पण कामाला येईल. फक्कीनं लॉनवर 50 मीटरची रेघ मारून घेतलीत, टाकी अर्धी भरून ट्रॅक्टर रोजच्या गिअरला, रोजच्या रेसला चालवला आणि मोबाईलवर वेळ मोजला, 36 सेकंद. मग ट्रॅक्टर जागेवर उभा करून पंप चालू, चारही नोझलखाली कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि तेवढेच 36 सेकंद. पिवळं नोझल 3 बार प्रेशरला मिनिटाला साधारण 800 मिली पाणी देतं, म्हणजे प्रत्येक बाटलीत 480 मिलीच्या आसपास यायला पाहिजे. तीन बाटल्यांत तेवढंच आलं, चौथीत 560. नवीन मशीन असून! दहा टक्क्यांच्या वर फरक गेला की नोझल बदलायचं, घासत बसायचं नाही, असं म्हणून तुम्ही ते काढूनच टाकलंत. दोन मीटर रुंद आणि 50 मीटर लांब म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि चारही नोझल मिळून एक लिटर 920 मिली, म्हणजे आमच्या 35 गुंठ्याला 67 लिटर पाणी. औषध किती ते लेबलवर एकराला दिलेलं असलं तर त्याला 40 नं भागलं की गुंठ्याचं निघतं. इतकं सोपं गणित माहितीपुस्तकात चार पानं खाऊन बसलं होतं.

आणि मग दिरांना विचारलंत, आता ट्रॅक्टर निम्म्या स्पीडनं चालवलास तर काय होईल? पंप बॅटरीवरचा, त्याला ट्रॅक्टर हळू चाललाय की जोरात याचं सोयरसुतक नाही, म्हणजे निम्म्या स्पीडला औषध दुप्पट पडणार आणि तिथलं गवत पिवळं पडणार. वळताना स्पीड कमी होतोच, म्हणून वळणावर पंपाचं बटण बंद, सरळ लागला की चालू. बटण सीटजवळ ओढून आणायची आयडिया पण तुमचीच, मशीनबरोबर आलेली वायर तिथवर पोचतच नव्हती.

प्रेशर वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला. तुम्ही सांगितलंत की प्रेशर चौपट केलं तेव्हा कुठं पाणी दुप्पट होतं, बाकी नुसतं धुकं. "बागेत धुकं पायजे, हितं पाऊस पायजे." आयुष्य ब्लोअरवर, म्हणजे बागेत औषधाचं धुकं उडवणाऱ्या पंख्याच्या मशीनवर काढलेल्या माणसानं हे सांगावं याची मला गंमतच वाटली. बूम गवतापासून दीड-पावणेदोन फुटांवर, त्याच्या वर गेला की वारा आपलं काम करतो.

आता खरा मुद्दा. तुम्ही नंतर दिरांच्या हातातला औषधाचा डबा बघितलात. टू-फोर-डी. रुंद पानाचं तण मारतं आणि गवताला सोडतं, म्हणून लॉनवाल्यांचं लाडकं. पण द्राक्षाला ते नुसतं उडून लागलं तरी कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा जवळजवळ येतात, कडा दातेरी होतात, आणि त्यातलं इस्टर प्रकारचं असलं तर फवारून झाल्यावरसुद्धा ऊन तापलं की वाफ होऊन उठतं. अमाईन प्रकारचं कमी उठतं, पण वाऱ्यानं थेंब जायचे ते जातातच. आणि वेळ बघा कशी येते, तुळशीच्या लग्नानंतर आमची लग्नसराई, म्हणून दिवाळीच्या आसपास आम्हाला लॉन चकाचक पाहिजे, आणि नेमकी तेव्हाच फळछाटणी होऊन बागा कोवळ्या फुटीवर. उन्हाळ्यात परत तेच, इकडं लग्नं आणि तिकडं खरड छाटणीनंतरची फूट.

दुसरा कोण असता तर कंपाउंडवरनं शिव्या घातल्या असत्या, आणि त्या घालायचा हक्क होता तुम्हाला. तुम्ही डबा बाजूला ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला तुमच्या बागेतल्या बायका पाठवून दिल्या. केना, घोळ, गाजर गवत सगळं खुरप्यानं मुळासकट निघालं. लव्हाळा राहिला थोडा, पण तो टू-फोर-डीनं तरी कुठं पुरता जातो! आता आमच्या स्प्रेअरच्या टाकीत फक्त 19:19:19 खत आणि कधी बुरशी आली तर बुरशीनाशक. तणनाशक त्या टाकीत घालायचंच नाही हे मी टाकीवरच पेंटनं लिहून घेतलंय, कारण कामाला माणूस नवीन आला की त्याला कोण सांगत बसणार.

वाऱ्याचं पण. मला वाटायचं वारा अजिबात नसला की फवारायला बेस्ट. तुम्ही पहाटे गुऱ्हाळाचा धूर दाखवलात, वर न जाता आडवा पसरलेला, जमिनीवर तरंगत. तसा असला की बारीक थेंब पण तसेच हवेत लोंबकळत लांबवर जातात. धूर वर जायला लागला, झाडाची पानं जरा हलायला लागली, आणि वारा बागेकडून आपल्याकडं असला, की मग सुरू.

आणि ती तंबाखू! दिरांनी औषध कालवलेल्या हातानं चुन्याची डबी काढली आणि तुम्ही ती काढून घेऊन खिशात घातलीत, साबणानं हात धुवून येईपर्यंत दिली नाही. मी इतकी वर्षं सांगून जे झालं नाही ते तेव्हा झालं. आता हातमोजे, गॉगल, मास्क, गमबूट घातल्याशिवाय ते टाकीचं झाकण उघडत नाहीत, आणि नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकत नाहीत, जुना टूथब्रश ठेवलाय. फवारल्यावर लॉन पूर्ण वाळेपर्यंत पोराटोरांना आत सोडत नाही, त्यावरून एका पार्टीशी वाद पण झाला, होऊ दे.

पैसे विचारले तर तुम्ही हसून गेलात. बेदाण्याचा डबा उलट तुमच्याकडूनच आला. हे काय बरोबर नाही अण्णा. नातीचं लग्न ठरलं की तारीख आधी आम्हाला कळवायची, लॉनच्या भाड्याचा विषय काढायचा नाही, आणि यावेळी तरी आमचं ऐकायचं.