नावं न घेता, आभार

लातूरच्या शुश्रूषा केंद्रात चार वर्षं काढली. कोणत्या आजीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, कोण गोळी गालात लपवतं, सगळं तोंडपाठ. मग मोठ्या दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला लागले अन् पहिल्याच नाईटला घाम फुटला. सलाईन लावायची सवयच मोडलेली!

दोनदा शीर फुटली. तेव्हा शेजारच्या वॉर्डातल्या सिनिअर सिस्टरनी गुलाबी 20 नंबरची सुई बाजूला ठेवून त्याहून बारीक निळी 22 हातात दिली. "डोळ्यानं नको, बोटानं शोध. दाबली की उसळते ती शीर." ज्यांना टोचलं त्या आजोबांनी तर स्वतःच दुसरा हात पुढं केला, "बघ माय, इकडं मिळंल." त्यांचे आभार कसे मानू?

ड्यूटी बदलताना पुढच्याला पेशंटची माहिती द्यायची, त्या हँडओव्हरला मी पेशंटचं घरदार सांगत बसायचे. वॉर्डातल्या ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, वळण लावलं: आधी तक्रार, मग बीपी-शुगर, मग दिलं काय, राहिलं काय. पहाटे तीनला न मागता चहा आणणाऱ्या मावशी, तुमचेही आभार.

आणि ब्रदर, तुमचा पेन अजून माझ्याच खिशात आहे. सोमवारी नाईटला देते.