खडूसला पत्र

प्रिय खडूस,

सप्रेम सलाम.

तीन महिने उत्तर दिलं नाही. कारण सांगत नाही, तुला पटणार नाहीच. पाठ बरी आहे, तो विषय सोड.

"त्या माणसाला क्षमा केली, उपास केला, पाळकांनी हात ठेवून प्रार्थना केली, तरी त्याने घाव दिला ते घर आठवतंच. म्हणजे माझा विश्वासच कच्चा," असं तू लिहिलंस. 'मागील गोष्टी विसरून' हे बायबलमधलं वचन तुझ्या तोंडावर कोणी मारलं असेल ते ओळखलं मी. ते जिथे आहे त्या फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायावरून आपण भांडलो होतो तेव्हा मी हरलो नव्हतो, तू फक्त आवाज चढवला होतास! तेराव्या वचनात विसरण्याची भाषा करणारा, ते पत्र लिहिणारा पौल सहाव्यात ख्रिस्ती मंडळीचा छळ केल्याचं स्वतःच लिहितो. तिथे विसरणं म्हणजे धावताना मागे वळून न बघणं. पाटी कोरी करणं नव्हे.

योसेफाचंच बघ. थोरल्या मुलाचं नाव मनश्शे, म्हणजे विसरायला लावणारा, ठेवलं, कारण देवाने सगळे कष्ट विसरायला लावले. आणि त्याला विकणारे भाऊ समोर आले तेव्हा? बाजूला जाऊन रडला. शिवाय ओळख देण्याआधी त्याने त्यांना चांगलं पारखून घेतलं. तेव्हा क्षमा केलीस म्हणून त्या माणसाच्या दारात जाऊन बसायचं बंधन तुझ्यावर नाही, मावशी काहीही म्हणोत. आठवण परत आली म्हणजे क्षमा खोटी होती असंही नाही. येशूने सांगितलेला क्षमेचा 'सत्तर वेळा सात' हा हिशोब एकाच घावासाठीसुद्धा लागतो.

आता रात्रीचं. अंथरुणात पडून आठवण उकरायची नाही. त्या वेळी प्रार्थना आणि घोकणं यातला फरक कळत नाही. दिवसा, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून बस. स्तोत्र १३ काढ. सहाच वचनं आहेत, त्यातल्या पहिल्या दोनांत 'कोठवर' चारदा येतं. एकच प्रसंग घे, तीन-चार ओळींत लिही आणि त्याखाली तुझं 'कोठवर'. मग तिसऱ्या-चौथ्या वचनासारखं एकच मागणं, नेमकं: 'आज झोप दे' चालेल, 'सगळं नीट कर' नको. पाचव्यातला भरवसा खरा वाटला तरच लिही. लोक इथेच घसरतात, पहिल्या ओळीवरून थेट स्तुतीवर उडी मारतात आणि मग आतून खोटं वाटत राहतं. नाही वाटला तर थांब. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वही मिटलीस की हाताला काम दे, भांडी घास.

तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहीत असलास तर ते घोकणं आहे, वेळ झाली नसली तरी उठ. श्वास अडकला, हात थरथरले तर डोळे उघडे ठेव, पाय जमिनीवर टेकव, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घे. 'त्या प्रसंगात येशूला उभा कर' असं कोणी डोळे मिटायला लावून सांगितलं तर एकट्याने करू नकोस. प्रसंगच अंगावर येतो. आणि महिना उलटूनही दचकून उठणं, काम अडणं चालू असेल तर समुपदेशक गाठ. पाळक त्याला पर्याय नाहीत, आणि शहाणे पाळक स्वतःच तसं सांगतात. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली.

धुराच्या वासाने पोटात कालवतं म्हणालास, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र आठवला. कोळशांच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो: एकदा पेत्र येशूला नाकारतो त्या अंगणात, एकदा समुद्रकाठी. दुसऱ्या वेळी विस्तव येशूने पेटवलेला आहे, वर मासळी भाजते आहे. आधी 'या, न्याहारी करा', आणि पोटात गेल्यावर मग प्रश्न, तेही तीन. धूर तोच ठेवला त्याने. हे घाईने वाचू नकोस.

पोरीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन! जावयाला तुझं बुद्धिबळ सोसू दे. नवी नोकरी कशी आहे ते लिही. वही विकत घे, माझी जुनी परत मागायची आहे असं समजून वाईट अक्षरात भरू नकोस.

तुझाच,
ठोंब्या