मसुदा पक्का होण्याआधी बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३ डिसेंबरनंतर आपल्या अंकात जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमांची छायाचित्रे येतात. तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे, शाल-श्रीफळ आणि मंचावर ओळीने बसलेले पाहुणे. मला दिसत नाही, त्यामुळे सौ. वाचून दाखवते. वाटपाबद्दल तक्रार नाही, ज्याला सायकल मिळाली त्याचे काम झाले. मला विचारायचे आहे ते एवढेच, की आमच्यासाठीचे कायदे आणि नियम लिहिले जातात तेव्हा त्या बैठकीत आमच्यापैकी किती जण असतात?

२०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा इंदूरकरांना तरी परका वाटू नये. तो संसदेत मंजूर करून घेणारे मंत्री थावरचंद गेहलोत आपल्या शेजारच्या उज्जैन जिल्ह्यातले, आणि लोकसभेच्या अध्यक्ष होत्या आपल्या सुमित्राताई महाजन. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. त्यामागे दिव्यांग कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केलेली भांडणे होती. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही स्पष्ट कलम आहे, की आमच्याशी संबंधित कायदे करताना आमच्याशी सल्लामसलत करायची.

पुढे काय झाले? जुलै २०२० मध्ये, कोविडची टाळेबंदी नुकती कुठे सैल होत असताना, याच कायद्यातली शिक्षेची काही कलमे तडजोडीने मिटवता यावीत असा प्रस्ताव केंद्राच्या विभागाने पुढे केला. त्यात दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत अपमान करण्याचे कलमही होते. सूचना पाठवायला जेमतेम दहा दिवस. केंद्र सरकारचेच २०१४ चे धोरण सांगते, की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा. देशभरातून ओरड झाली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला, हे खरे. पण दर वेळी ओरडूनच थांबवायचे का?

आणि सूचना पाठवायची तरी कशी? मसुदे पुष्कळदा कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून टाकलेले असतात. माझ्या कंप्यूटरमधले वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अशा पानावर आले की ‘ग्राफिक’ एवढेच म्हणते आणि गप्प बसते. चाळीस पाने, चाळीस वेळा ‘ग्राफिक’. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतला व्हिडिओ तर मी कधी ऐकलेला नाही. बौद्धिक दिव्यांगांना समजेल अशा सोप्या भाषेतला गोषवारा करावा, हे कुणाच्या डोक्यातही येत नसावे.

न विचारल्याने काय होते त्याचा दाखला सर्वोच्च न्यायालयातच आहे. कायद्याने सुगम्यतेचे, म्हणजे इमारती, रस्ते आणि सेवा आम्हालाही वापरता याव्यात यासाठीचे, नियम बंधनकारक करायला सांगितले होते. २०१७ च्या नियमावलीतल्या १५ व्या नियमाने मात्र बोट दाखवले ते बहुतांशी शिफारशीवजा मार्गदर्शक सूचनांकडे, म्हणजे पाळल्या तर पाळल्या. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेसाठी याचिका केली होती. त्याच प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने हा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवून रद्द केला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितले. ही गोम व्हीलचेअरवरच्या कुठल्याही माणसाने पहिल्याच बैठकीत दाखवून दिली असती, कारण शिफारशींतून बांधलेले रॅम्प तो रोज भोगतो. इथल्या एका सरकारी कचेरीत (नाव घेत नाही) दोन फूट चढायला पाच-सहा फुटांचा रॅम्प आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे साधे गणित. माझ्या मित्राची खुर्ची वर न्यायला दोघे लागतात आणि उतरताना तो डोळे मिटून घेतो. रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर उभी असते, ती हलवायला तिसरा माणूस शोधायचा!

आता तुलना पाहा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहराच्या टाउन व्हेंडिंग कमिटीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेते हवेत, तेही त्यांनी आपसांत निवडून दिलेले. म्हणजे राजवाड्याजवळ ठेला लावणाऱ्याला स्वतःचा प्रतिनिधी निवडायचा हक्क आहे, आणि तो असायलाच हवा. आमच्या राज्य सल्लागार मंडळात मात्र मंत्री, सचिव, आमदार, तज्ज्ञ, आणि मग संस्थांचे दहा प्रतिनिधी, जे ‘शक्यतोवर’ दिव्यांग असावेत. नेमणार सरकार. ज्याला सरकारने नेमले तो सरकारला किती टोकणार, हे वाचकांना मी सांगायला नको.

एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, की तुमच्यातच एकमत नाही. खरे आहे! फुटपाथची कड रस्त्याला सपाट केली की व्हीलचेअरवाल्याची सोय होते, पण माझ्या काठीला फुटपाथ कुठे संपला ते कळत नाही. आम्हा दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरशांवर व्हीलचेअरची चाके धक्के खातात. म्हणूनच तर एका दिव्यांगाला कोपऱ्यात बसवून भागत नाही. दोघांनाही चालेल अशी कड निघते, पण ती नकाशावर निघते. सिमेंट वाळल्यावर नाही.

तमिळनाडूने २०२५ मध्ये नगरपालिका आणि पंचायतींत दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. नेमणूकच असली तरी निदान जागा तरी आहे. मध्य प्रदेशाने एक पाऊल पुढे जाऊन निवडणूक ठेवायला काय हरकत आहे? ते होईल तेव्हा होवो. तोवर, दिव्यांगांविषयीच्या जिल्हा समितीची बैठक कधी आहे, तिच्यात दिव्यांग सदस्य कोण आणि मागच्या बैठकीत काय ठरले, हे जिल्हा प्रशासनाने वाचता येईल अशा मजकुरात जाहीर करावे. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. गर्दी इंदुरावरूनच जाणार, आणि वाहतूक, पार्किंग, तात्पुरत्या शौचालयांचे नियम आत्ताच ठरत असणार. त्या बैठकांना दृष्टिहीन, कर्णबधिर, व्हीलचेअर वापरणारे आणि मनोसामाजिक (मानसिक आजारातून येणारे) दिव्यांगत्व असलेले लोक बोलवावेत, आणि कागद आठ दिवस आधी पाठवावेत. स्कॅन करून नकोत.

आपला,
एक दृष्टिहीन वाचक (निवृत्त बँक कर्मचारी)
रामबाग, इंदूर