कणकेचा गोळा

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर संपाच्या दिवसांचा विषय काढला की बाबा पावसापाण्याचे विचारू लागतात, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी, ज्यांचे वडील इथल्याच, लिव्हरपूलच्या गोदीत कामाला होते, मला ‘बॉईज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही बीबीसीची जुनी मालिका पाहायला दिली. ॲलन ब्लीसडेल यांनी लिहिलेले पाचच भाग आहेत. रस्त्यावर डांबर टाकणारी लिव्हरपूलची एक टोळी, तिचे सुटलेले काम, आणि घरी बसलेला एकेक माणूस आतून कसा पोखरला जातो, एवढीच तिची गोष्ट. ती पहिल्यांदा दाखवली गेली ऑक्टोबर १९८२ मध्ये, हे वाचून मी थबकले. त्या वर्षी १८ जानेवारीला आपला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आणि त्याच महिन्यात इकडे बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला होता.

इथल्या लोकांच्या तोंडी अजून त्या टोळीतल्या योसरचे नाव असते. तीन लेकरांना बरोबर घेऊन तो भेटेल त्याला ‘मला काम द्या, मला जमेल ते’ म्हणत फिरतो. आधी हसू येते आणि मग त्याची भीती वाटू लागते. शेवटच्या भागात जॉर्ज नावाच्या म्हाताऱ्या गोदी कामगाराला चाकाच्या खुर्चीतून ओस पडलेल्या गोदीवर नेतात, तेही विसरता येत नाही. (त्याच अल्बर्ट डॉकमध्ये आज संग्रहालये आणि खाण्यापिण्याची दुकाने आहेत. परळला गेलात तर वेगळे काय दिसते?)

माझे मन मात्र टोळीतल्याच ख्रिसीपाशी अडले. भला, सगळ्यांशी जमवून घेणारा, परसात हौसेने पक्षी-प्राणी पाळणारा माणूस. घरात शिजवायला काही उरलेले नाही, आणि तरी तो सारे हसण्यावारी नेतो, हे त्याच्या बायकोला, अँजीला, सोसवेनासे होते. काहीतरी कर, उलटून उभा राहा, असे ती ओरडते. तो बंदूक घेऊन परसात जातो आणि स्वतःच पाळलेली ती पाखरे मारतो.

बाबा, भजनाच्या दिवशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला तुम्ही आईकडे कणकेचा गोळा मागत असा, आणि भजन सुटल्यावर तो खरवडून काढायचे काम माझे असे. संपाच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही तो मागणे बंद केलेत. आई तेव्हा खानावळीत पोळ्या लाटायला जात होती. एका संध्याकाळी तिने पिठाचा रिकामा डबा तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘ह्याचं काय करायचं ते सांगा.’ तुम्ही काहीच बोलला नाहीत. खुंटीवरचा पखवाज उतरवलात, उजव्या तोंडाच्या काळ्या शाईवरून एकदा पंजा फिरवलात, जुन्या धोतरात गुंडाळलात आणि जिना उतरून गेलात. रात्री पीठ आले, रॉकेलही आले. त्यानंतर चाळीत भजन असले की तुम्ही गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहत होतात.

आई, मी तेव्हा दहा वर्षांची होते, आणि त्या रात्रीपासून माझा राग तुझ्यावर राहिला. तो मी कधी बोलून दाखवला नाही, पण तुला तो कळत असणार. ख्रिसीचा तो भाग मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा त्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहत होते. दुसऱ्यांदा सारा वेळ अँजीकडे. तू पोळ्या लाटून आली होतीस, तुझ्या हाताला दुसऱ्यांचे पीठ लागलेले होते आणि आपला डबा रिकामा होता, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

पखवाज कोणी घेतला आणि केवढ्याला गेला, हे बाबांनी कधीच सांगितले नाही. त्यांना लिहावेसे वाटले नाही तर आई, तू लिही. तुला ते ठाऊक आहे, असे मला आता वाटते.

आपली,
ताई